ऐपत

जामीन मिळाला की माणूस सुटतो, असं मला २०१८ च्या जानेवारीपर्यंत वाटायचं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अजून वाटत असेल.

१ जानेवारीला भीमा कोरेगावला दगडफेक झाली. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. ४ तारखेच्या पहाटे आमच्या वस्तीतून पोरं उचलली, धाकटा भाऊ त्यात. कलम ३५३, सरकारी कामात अडथळा. अजामीनपात्र. म्हणजे ठाण्यातून सुटका नाही, कोर्टातूनच. १२ तारखेला सेशन कोर्टानं जामीन दिला. आम्ही आवारातच जयभीम केला, पेढे आणले. वकीलसाहेब म्हणाले, "पेढे ऱ्हाऊ द्या. कागद आणा."

ऑर्डरमध्ये एक ओळ होती : पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. जातमुचलका सोपा. आरोपीनं स्वतः लिहून द्यायचं, तारखेला येईन, नाही आलो तर एवढे भरीन. त्याला आधी पैसा लागत नाही, सही लागते. जामीनदाराचं तसं नाही. आरोपी फरार झाला तर वसुली त्याच्याकडून. म्हणून त्याच्यापाशी वसूल करण्याजोगं काहीतरी पाहिजे. सातबारा, घरपट्टीची पावती, नाहीतर पगाराची स्लिप.

सातबारा आमच्याकडं आहे. महार वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं आणि जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीवर, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आमच्या उताऱ्यावर सतरा नावं, त्यातली नऊ मेलेली. क्लार्कनं उतारा बोटाच्या टोकानं परत सरकवला. "सामाईक हाय. नवीन शर्त हाय. न्हाई चालायचा." आजानं ज्या तुकड्यासाठी जन्मभर चावडीवर हेलपाटे घातले, त्याची कोर्टात ही किंमत.

गावात एकट्याच्या नावाचा भरभक्कम सातबारा कुणाचा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. आई मला न सांगता तिथं गेली. परत आली, चूल पेटवली, बोलली नाही. रात्री म्हणाली, "जामीन ऱ्हातो म्हनला. कोपऱ्यावरला बाबासाहेबांचा फलक काढा म्हनला." मग बऱ्याच वेळानं, "म्या उठून आले."

खरं सांगतो, माझ्या मनात क्षणभर आलं, काढू फलक, पोरगा सुटला की पुन्हा लावू. तोंडातून शब्द काढला नाही. आईला कळलं असणार.

कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर एक जण भेटला. खिशात चार रेशनकार्डं. "तीन हजार द्या, उद्या सोडवतो." वकिलांनी हाताला धरून मला बाजूला नेलं. बोगस जामीनदार पकडला गेला तर दुसरी केस. रोख भरायची परवानगी मागता येते म्हणाले. पण पंधरा हजार रोख असते तर एवढं कशाला?

तोवर १४ जानेवारी उलटली. नामांतराचा दिवस त्यानं आत काढला, हातात सुटकेची ऑर्डर असताना.

हे आजचं नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गरीब गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर नाकारला, का तर मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. निकाल होऊन चाळीस वर्षं होत आली होती तेव्हा आमचा क्लार्क आम्हाला सांगत होता, "जामीनदार ह्याच तालुक्याचा आणा."

पुढं ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं आणखी सूचना दिल्या. जामीन होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट आपणहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये, हेही त्यात आहे. आम्हाला हे उशिरा झालं. तुम्ही कुणाच्या मागं कोर्टात धावत असाल, तर ह्याची एक प्रत वकिलाच्या हातात द्या. क्लार्कला तोंडी सांगून तो ऐकत नाही.

शेवटी वस्तीतली मावशी उभी राहिली. नगरपालिकेत झाडूवाली, कायम. तिच्याकडं पगाराची स्लिप होती. पहाटे चारला उठून तिनं आपली गल्ली झाडली, मग दिवसाची रजा टाकून आली. तीच इस्त्रीची साडी, जी ती १४ एप्रिलला नेसते. साहेबांनी विचारलं, "आरोपी तुमचा कोण लागतो?"

"ल्योक हाय."

"सख्खा?"

"न्हाई. सख्खा न्हाई."

साहेबांनी वर बघितलं, काही बोलले नाहीत. क्लार्कनं तिच्या रेशनकार्डाच्या मागं केसचा नंबर लिहिला. म्हणजे केस चालू आहे तोवर ती दुसऱ्या कुणाला जामीन राहू शकत नाही, असं त्यानं सांगितलं. तिला दोन पोरगे आहेत. तिनं ते ऐकलं आणि अंगठ्याची शाई पदराला पुसली.

२३ जानेवारीला संध्याकाळी भाऊ बाहेर आला. ऑर्डरनंतर अकरा दिवस.

केस चालली ती चाललीच. साक्षीदार येत नाहीत, साहेब बदलतात. पण त्यानं एक तारीख चुकवली नाही. एकदा टायफॉइडमध्ये गेला, सलाईन काढून, दंडाला पट्टी तशीच. आई ओरडली. तो म्हणाला, "वॉरंट माझ्या नावानं निघंल गं, पण नोटीस मावशीच्या दारात जाईल."

तारखेच्या संध्याकाळी मावशी कामावरून येताना आमच्या दारात थांबते. आत येत नाही. झाडू भिंतीला टेकवते आणि विचारते, "गेलता का रं?"