अंगणातले जनरल रजिस्टर

वडोदरा या नावातच वड आहे. वटोदर, म्हणजे वडांच्या उदरात वसलेले गाव, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. आणि येथील जुन्या रस्त्यांवर आजही उभे असलेले वड पाहिले म्हणजे ती पटतेही. गायकवाडांच्या राज्याबरोबर जी मराठी घरे येथे आली, त्यांनी दांडिया बाजारात नि रावपुऱ्यात वाडे बांधले, चौकात तुळस लावली आणि परसात जाई-जुईचे वेल चढविले. पुढे १८७९ साली सयाजीराव महाराजांनी विश्वामित्रीच्या काठी लोकांसाठी मोठे उद्यान उभारले. कागदोपत्री ते सयाजीबाग. परंतु मराठी आणि गुजराती या दोन्ही जिभांवर ते कमाटीबाग म्हणूनच राहिले आहे.

या नगरीला बागांचे वेड जुने, आणि त्या वेडाला शिस्तही होती. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या उद्यानाची आखणी करणारे विल्यम गोल्डरिंग हे लंडनजवळच्या क्यू येथील विख्यात वनस्पतिउद्यानात काम केलेले गृहस्थ. बंगळूरच्या लालबागेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बीगल हेही क्यूमध्ये शिकून आले आणि १९०८ साली म्हैसूर संस्थानात जाण्यापूर्वी बडोदे संस्थानच्या बागा सांभाळीत होते. क्यूची रीत अशी की, रोप बागेत आले की प्रथम त्याची नोंद व्हावयाची: नाव काय, कोठून आले, केव्हा आले. शाळेत मूल आले की जनरल रजिस्टरात जी नोंद होते तीच ही. आयुष्य शाळेत घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाला ही रीत आवडली नसती तरच नवल!

आमची बाग म्हणजे राजवाडा नव्हे. विश्वामित्रीपासून फार लांब नसलेल्या एका वसाहतीत घरासमोर वीस फूट रुंद नि तीस फूट लांब अंगण, आणि गच्चीवर काही कुंड्या. काही वर्षांपूर्वी आम्ही दोनशे पानांची एक जाड वही घेतली, तिच्यावर रकाने आखले आणि रविवारच्या सकाळी एकेका झाडाला ‘प्रवेश’ देण्यास आरंभ केला. आमच्या सौ. प्रारंभी हसत. “अहो, झाडांची हजेरी घेताहात की काय?” असे त्या विचारीत. पुढे त्याच वहीत फुलांच्या तारखा लिहू लागल्या.

वही सुरू झाली की छायाचित्राची गरज लगेच भासते, कारण शब्दांनी पान नेमके सांगता येत नाही. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. तेवढा या कामास पुरतो. मात्र सुंदर चित्र आणि उपयोगी चित्र यांत फरक आहे. भेटकार्डावर शोभणारे फुलाचे चित्र झाड ओळखण्यास पुष्कळदा निरुपयोगी ठरते. आम्ही प्रत्येक झाडाची पाच चित्रे घेतो: संपूर्ण झाड; फांदीवर पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दाखविणारे; पानाची वरची नि खालची बाजू; फूल समोरून व बाजूने; आणि फळ अथवा बी. पानाशेजारी मोजपट्टी ठेवतो आणि चिठ्ठीवर वहीतील क्रमांक लिहून ती चित्रात येईल अशी धरतो. भर उन्हात पांढरी फुले नुसते पांढरे डाग दिसतात. म्हणून ढगाळ सकाळ उत्तम. मागे काळा कागद धरला की मोगऱ्याची पाकळी न पाकळी उठून दिसते.

वेळेचे भान झाडेच शिकवितात. पारिजातक संध्याकाळी उमलतो नि पहाटे गळतो. त्याचे फांदीवरचे फूल हवे तर उजाडण्यापूर्वी उठावे. गुलबाक्षी दुपार कलल्यावाचून तोंड उघडीत नाही.

मोजपट्टीचा एक उपयोग सांगण्यासारखा आहे. दसऱ्याला आपण ‘सोने’ म्हणून आपट्याची पाने वाटतो. पण बाजारात आपट्याच्या नावाखाली पुष्कळदा कांचनाची पाने येतात. दोन्ही एकाच वंशातील, दोन्हींची पाने जोडपानासारखी दुभंगलेली. तथापि आपट्याचे पान लहान, जाड नि लांबीपेक्षा रुंदीला अधिक. कांचनाचे मोठे नि पातळ. दोन्ही पाने पट्टीसह शेजारीशेजारी ठेवून घेतलेले चित्र आम्ही वर्गात दाखवितो. गुजरातीत आपट्याला आसुंदरो म्हणतात, हेही मुलांना त्याच तासाला कळते.

नावांचा रकाना हा तर वहीतील सर्वांत रसाळ भाग. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरात झाडाला एक नाव पुरत नाही. देव्हाऱ्यापाशी जी जास्वंद, ती फाटकाबाहेर जासूद होते; झेंडू गलगोटा होतो, शेवगा सरगवो होतो, सदाफुली बारमासी होते. शेजारच्या बा एकदा कढीलिंबाची पाने मागावयास आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, थोडो मीठो लीमडो आपशो?” आमची आजी त्याच झाडाला गोडलिंब म्हणे. कडू निंबाहून वेगळा म्हणून गोड, हा विचार दोन भाषांना स्वतंत्रपणे सुचला की एकीने दुसरीकडून घेतला, कोण सांगेल? आम्ही दोन्ही नावे शेजारीशेजारी लिहितो.

तिसरे नाव शास्त्रीय. १७५३ साली स्वीडनच्या लिनिअसने दोन शब्दांत वनस्पतीचे नाव सांगण्याची पद्धत रूढ केली. घरगुती बागेत हा पंडिती थाट कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी ‘चाफा’ हा एकच शब्द घ्यावा. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला; देवळापुढचा पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला; हिरवा चाफा सीताफळाचा भाऊबंद; नागचाफा उंडी नि सुरंगी यांचा सगा; आणि भुईचाफा तर हळदीच्या घराण्यातला! आडनाव एक, घराणी पाच. उलटपक्षी मोगरा, जाई, जुई नि कुंद ही खरोखरच सख्खी भावंडे असून पारिजातक त्यांच्या मोठ्या कुळातच मोडतो. मराठी नावांनी माणसाला त्या फुलांविषयी काय वाटले ते सांगितले. शास्त्रीय नावांनी फुलांचे आपापसांतील नाते सांगितले. आम्हांला दोन्ही हवीत.

‘मूळगाव’ या रकान्यापाशी मात्र आम्ही बराच काळ थांबलो. ज्याच्या तोरणावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडू मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच. गुलबाक्षी, कर्दळ, बोगनवेल आणि देवळापुढचा तो पांढरा चाफा हे सारे अमेरिका खंडांतून आलेले. सदाफुली मादागास्करची, जिच्यापासून कर्करोगावरची औषधे निघाली तीच ही अंगणातली साधी सदाफुली. आणि रात्री उमलणारे जे ब्रह्मकमळ पाहावयास शेजारपाजार गोळा होतो, त्याला निरांजन ओवाळले जाते, ते वस्तुतः अमेरिकेतल्या निवडुंगाच्या कुळातले. हिमालयातले ब्रह्मकमळ ते वेगळेच.

परक्या मुलखातून येऊन जे येथल्या मातीत रुजले, येथल्या सणात मिसळले, देवाच्या डोक्यावर जाऊन बसले, त्याला परके तरी किती पिढ्या म्हणावे? हा प्रश्न बडोद्याच्या मराठी माणसाने झेंडूला विचारू नये हेच बरे. झेंडू तोच प्रश्न उलट विचारील. आम्ही रकान्यात ‘मेक्सिको’ असे लिहिले आणि त्यापुढे ‘आता येथलाच’ अशी शेरा-वजा पुस्ती जोडली.

शेवटचे दोन रकाने आम्ही आपल्या बुद्धीने वाढविले होते: ‘कोणाकडून आले’ आणि ‘कोणास दिले’. त्यांचे मोल कळावयास २०२४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला नि शहराच्या पुष्कळ भागांत पाणी शिरले. आमच्या अंगणात ते दोन दिवसांहून अधिक उभे होते. ओसरले तेव्हा कुंड्या कोठल्या कोठे गेल्या होत्या आणि मातीवर चिखलाची साय धरली होती. नंतरच्या काही आठवड्यांत मुळे कुजून एकेक झाड मान टाकू लागले. ८३ नोंदींपैकी १७ गेली. वही वरच्या फळीवर होती म्हणून वाचली; छायाचित्रांची एक प्रत पुण्यात लेकीजवळ होतीच.

गेलेल्यांत क्रमांक १२ होता: जुई. ‘कोणाकडून आले’ या रकान्यात लिहिले होते: ‘आईकडून, मूळ दांडिया बाजारातील वाड्याच्या परसातील.’ तो वाडा पाडून त्या जागी मजल्यांवर मजले चढले त्याला कैक वर्षे झाली. आईही आता नाही. वाड्याचे म्हणून जे काही आमच्याकडे उरले होते ते त्या वेलात होते. रोपवाटिकेत जुईची रोपे मिळतात. पण ती दुसरी जुई.

सौ.नी वही उघडली आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवले. २०१९ साली त्या वेलाचे एक दाबकलम आम्ही पादऱ्याच्या एका गुजराती सहकाऱ्यांना दिले होते. ही गोष्ट आम्ही पार विसरून गेलो होतो, वही विसरली नव्हती. दूरध्वनी केला तेव्हा ते म्हणाले, “साहेब, तुमची जूही आता आमच्या गच्चीपर्यंत गेली आहे. पावसाळ्यात या, हवी तितकी कलमे न्या.” २०२५च्या पावसाळ्यात आम्ही तीन कलमे आणली. त्याच रकान्यांचा माग काढीत इतर १६ पैकी ९ झाडे आठ घरांतून परत आली. जी कोणालाच दिली नव्हती, ती मात्र गेली ती गेली.

शाळेच्या जनरल रजिस्टरात निघून गेलेल्या मुलाचे नाव खोडीत नाहीत. त्याच्यापुढे ‘शाळा सोडली’ एवढेच लिहितात, आणि त्याचा क्रमांक दुसऱ्यास देत नाहीत. आम्हीही क्रमांक १२ तसाच ठेवला. नव्या जुईचा क्रमांक ८४. ‘कोणाकडून आले’ या रकान्यात ‘पादरा’, आणि कंसात ‘पाहा : क्रमांक १२’. आईच्या हातची वेल आता एका गुजराती घराची पाहुणी होऊन परत आली आहे, ही नोंद आमच्या मते साऱ्या वहीत मोलाची आहे. झाड कुंपणाने राखले जात नाही, वाटल्याने राखले जाते, हे तिने आम्हांला शिकविले.

वाचकांपैकी ज्यांच्या अंगणात वा गॅलरीत चार कुंड्या असतील त्यांना आमची एक विनंती आहे. महागड्या कॅमेऱ्याची वाट पाहू नये. घरातील सर्वांत जुन्या झाडापासून आरंभ करावा आणि त्याच्याविषयी घरातील सर्वांत वडील माणसाला विचारावे. कारण पानाचे चित्र उद्याही घेता येईल, ‘हे झाड कोठून आले’ याचे उत्तर देणारे माणूस उद्या असेलच असे नाही. इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या, हैदराबादच्या, बेळगावच्या कित्येक मराठी घरांत अशी एखादी जुई किंवा अबोली असेल, जिचा वाडा केव्हाच पडला. तिला क्रमांक द्यावा, तिची दोन्ही भाषांतली नावे लिहावीत, आणि पावसाळा लागला की तिचे एक कलम शेजारच्या घरी द्यावे. दिल्याची तारीख लिहावयास मात्र विसरू नये.