राखेच्या उबेला

मार्गशीर्षातली पहाट होती. नदीकाठच्या स्मशानभूमीत सरण रचणाऱ्या मामांचा फोन आला. "डॉक्टर, आपली तांबडी लंगडतेय. मागचा पाय टेकवतच नाही. येऊन बघता का?" मी गेलो. चौथऱ्याच्या कडेला विटकरी रंगाची एक कुत्री पाय उचलून उभी होती. मामांनी तिला आडवं घेतलं, तोंडाला कापडाची पट्टी बांधली आणि मी पंजा उलटा करून पाहिला. गाद्या भाजून सोलल्या होत्या. एका गादीत कोळशाचा कण रुतला होता. पोटावरचे केस टोकाला करपून पिवळे पडले होते आणि अंगभर राख होती.

मी जखम धूत असताना शेजारच्या चौथऱ्यावर एक कुटुंब अस्थी सावडायला आलं होतं. त्यातले एक गृहस्थ चिडून म्हणाले, "मढी खायला येतात ही. महापालिका हाकलून का देत नाही यांना?" मामा मान खाली घालूनच बोलले, "खायला नाही येत साहेब, निजायला येते. राख दोन दिवस ऊन असते."

मी पशुवैद्यक आहे. तीस वर्षं या कामात गेली. आधी तालुक्याच्या दवाखान्यात, मग शहरातल्या भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रात. कुत्र्यांनी स्मशानात असावं की नसावं, हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. विचारणारा बहुतेक वेळा दुःखात असतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची ती वेळ नसते. म्हणून सवडीने, या दिवाळी अंकाच्या निमित्ताने, माझं उत्तर लिहितो आहे.

कुत्रा स्मशानात कशासाठी येतो ते आधी पाहू. थंडीत राखेची ऊब मिळते. उन्हाळ्यात शेडची सावली आणि हातपाय धुवायच्या नळाचं पाणी मिळतं. कुत्रीला विण्यासाठी लाकडांच्या ढिगामागे निवांत आडोसा सापडतो. आणि खाणं म्हणाल तर ते आपणच तिथे नेतो. दहाव्याचा भात, पिंड, गेलेल्याच्या आवडीचे पदार्थ, उरलेल्या पत्रावळी. कावळा शिवेपर्यंत आपण श्वास रोखून उभे राहतो. तो शिवला की पाठ वळवून निघतो. मागे राहिलेलं अन्न कुणाचं, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. तो अर्ध्या तासात कुत्र्याने सोडवलेला असतो.

आपल्या पूर्वजांनी मात्र हा विचार केला होता. श्राद्धाच्या दिवशी गाईचा, कावळ्याचा तसा कुत्र्याचाही घास काढून ठेवतात. वैश्वदेवाच्या बलिहरणात श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांच्या नावाने अन्न ठेवायची रीत होती. हे दोघे यमाचे कुत्रे, सरमेची पिल्लं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांना मृताच्या वाटेचे राखणदार म्हटलं आहे आणि त्यांचं एक विशेषण आहे 'चतुरक्ष', चार डोळ्यांचे. ते वाचताना माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे लगेच कुत्रं उभं राहतं. काळ्या अंगाच्या, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके असलेल्या गावठी कुत्र्याला लांबून पाहिलं तर खरोखर चार डोळे असल्याचा भास होतो. असा एखादा तुमच्या गल्लीतही असेल.

हाच चार डोळ्यांचा कुत्रा इराणी परंपरेतही आहे. पारशांच्या वेंदिदाद या ग्रंथात त्याचा उल्लेख येतो आणि मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत, पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, कुत्र्याचा एक विधी आजही होतो. त्याला 'सगदीद' म्हणतात. सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे पाहणं. अंत्यविधीत कुत्र्याला आणून मृताच्या चेहऱ्याकडे पाहू दिलं जातं. त्याच्या नजरेने मृतदेहाभोवतीची अशुभ शक्ती दूर होते, अशी श्रद्धा आहे. ज्या प्राण्याला आपण स्मशानाच्या फाटकातून दगड मारून पळवतो, त्याच्याशिवाय याच महाराष्ट्रातल्या एका समाजाचा अंत्यविधी पुरा होत नाही.

या श्रद्धेपायी मुंबईत एकदा दंगलही झाली. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली होती. जून १८३२ मध्ये फोर्ट भागात पारशांनी कुत्री मारणाऱ्यांना अडवलं. पुढे हिंदू आणि जैनही त्यांच्या बाजूने आले, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. पारशांच्या मागे त्यांचा धर्म होता. पण कुत्री मारल्याने प्रश्न सुटत नाही ही गोष्ट शास्त्रीय आहे, आणि ती पटायला आपल्या शहरांना त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ लागला.

आता माझ्या व्यवसायाच्या पदरात पडणारी एक चूक सांगतो. नव्वदच्या दशकात मी तालुक्याला होतो. बैल लंगडला, गाईला ताप आला, की आम्ही डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देत असू. स्वस्त होतं आणि लगेच गुण येई. त्यातलं एखादं जनावर पुढे मरायचं, गावाबाहेर टाकलं जायचं आणि गिधाडं ते फस्त करायची. त्या मांसातल्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, हे २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उघड झालं. भारतात जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. माझ्या हातून गेलेल्या इंजेक्शनांचा त्यात किती वाटा, याचा हिशेब लागणार नाही. पण गिधाडं गेली आणि ढोरं टाकण्याच्या जागेवर कुत्री आली, हे मी स्वतः पाहिलं. अनेक गावांत ही जागा स्मशानाच्या शेजारीच असते. जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवले जात, त्या डुंगरवाडीतही गिधाडं उरली नाहीत. सगदीदचा कुत्रा मात्र आहे. म्हणून "ही कुत्री वाढली कशी" असं कुणी रागाने विचारलं, तर त्यातला थोडा राग माझ्यावरही आहे, हे मी मान्य करतो.

या प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू मला टाळायची नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळांना अग्नी देत नाहीत, पुरतात. एका गावात चार महिन्यांचं बाळ गेलं. पावसाळी संध्याकाळ होती. माणसं घाईत होती, खड्डा हातभरच खणला गेला. सकाळी कुत्र्यांनी माती उकरलेली दिसली. मी दुपारी पोचलो तेव्हा बाप तिथेच बसून होता. त्याच्याशी काय बोलावं ते मला कळलं नाही, आणि आजही कळत नाही. त्या रात्री गावाने मटणात विष कालवून कुत्री मारली. गावकऱ्यांना दोष देण्याची माझी छाती झाली नाही.

पण पुढे काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. मेलेल्या नऊ कुत्र्यांपैकी सहांना मीच रेबीजची लस दिली होती. दिवाळीनंतर शेजारच्या वस्त्यांमधून नवी कुत्री आली. अन्न, पाणी, आडोसा जागच्या जागी होता, राखणारं जुनं टोळकं नव्हतं, मग मोकळी जागा भरायला वेळ कितीसा लागणार? या नव्यांतल्या एकालाही लस नव्हती. उन्हाळ्याआधी गावातली दोन मुलं चावली गेली. सगळ्या लसी वेळेवर मिळाल्या म्हणून ती वाचली.

पशुवैद्यक म्हणून या विषयात मी जे शिकलो, त्याचं सार त्या एका गावात आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, असंच धरून चालावं. मात्र हा रोग जवळजवळ पूर्ण टाळता येतो. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस मिळाली, तर त्या भागात रोगाची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे. लस टोचलेली, नसबंदी झालेली, आपली हद्द ओळखणारी कुत्री म्हणजे गावाभोवतीचं कुंपण असतं. ती उठवली की कुंपण मोडतं.

कायद्याची दिशाही हीच आहे. २००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात की कुत्रं पकडावं, त्याची नसबंदी करावी, लस द्यावी आणि जिथून उचललं तिथेच सोडावं. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी काही जागांना यातून वगळलं. शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं इथून कुत्री हलवावीत आणि पुन्हा तिथे सोडू नयेत, असा तो आदेश होता. त्या यादीत स्मशानभूमी नाही. मुलं, रुग्ण आणि गर्दी यांचा विचार करून ती यादी झाली आहे, हे मी समजू शकतो. स्मशान ही वेगळी जागा आहे, तिथे काळजी घेऊन सोबत राहता येतं.

तसं राहता येतं याचं एक लांबचं उदाहरण देतो. अमेरिकेत वॉशिंग्टनला १८०७ सालची काँग्रेशनल सिमेट्री आहे. एके काळी तिची पार रया गेली होती. आजूबाजूला राहणारे लोक आपली कुत्री तिथे फिरवायला आणत. १९९७ मध्ये त्यांनी संघटना केली, वर्षाची वर्गणी ठरवली आणि तो पैसा दफनभूमीच्या देखभालीला दिला. आज तिथे सभासद होण्यासाठी रांग लागते. त्याच शहराजवळच्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत मात्र अपंगांच्या मदतनीस कुत्र्यांखेरीज एकालाही प्रवेश नाही. एकाच परिसरात दोन जागा आणि दोन नियम, आणि दोन्ही ठिकाणी मृतांचा मान राखला जातो. नियम कुठलाही असो, तो पाळणारं कुणीतरी रोज हजर असावं लागतं. त्यांच्या कुत्र्यांना मालक आहेत, आपल्या तांबडीला नाही. म्हणून तिचं मालकपण गावाने किंवा प्रभागाने घ्यावं लागेल.

म्हणून माझं उत्तर असं आहे. स्मशानातली कुत्री तिथेच राहू द्यावीत, पण बेवारस नव्हे. प्रत्येक स्मशानभूमीतल्या कुत्र्यांची मोजणी व्हावी, नसबंदी व्हावी, दरवर्षी लस टोचली जावी आणि त्याची नोंद तिथल्या कार्यालयातल्या वहीत राहावी. बाळांच्या दफनासाठी वेगळी, भिंत घातलेली जागा असावी. खड्डा पुरुषभर खोल खणला जावा, वर दगड रचावेत. जुनी माणसं खड्ड्यावर बाभळीच्या काट्या टाकत, त्यामागे शहाणपण होतं. त्या पावसाळी संध्याकाळी पुरेसा खोल खड्डा खणायला दोन जास्त हात असते, तर बाळही शांत राहिलं असतं आणि कुत्रीही जगली असती. सावडण्यापर्यंत चौथऱ्यावर लोखंडी जाळी ठेवावी. अस्थी सुरक्षित राहतात आणि पंजे भाजत नाहीत. पिंडाचं उरलेलं अन्न घाटावर विखरू न देता एका ठरलेल्या कोपऱ्यात, ठरलेल्या वेळी द्यावं. स्मशानात काम करणाऱ्यांना रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचलेली असावी. आणि कुत्रं चावलंच, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये.

ज्यांना स्मशानात कुत्रं दिसलं की वाईट वाटतं, त्यांच्या भावनेला मी कमी लेखत नाही. आपलं माणूस चितेवर असताना कशानेही मन दुखावतं. फक्त एक गोष्ट मी त्यांच्यासमोर ठेवतो. महाभारताच्या शेवटी सगळे भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडल्यावर युधिष्ठिरासोबत एक कुत्राच चालत राहिला होता, आणि त्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिराने नकार दिला. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. शेवटच्या वाटेवर कुत्र्याला सोबती मानणारी परंपराही आपलीच आहे.

आता कामाचं बोलतो. आपल्याकडे बहुतेक कुत्र्या भाद्रपदात माजावर येतात. त्याच महिन्यात पितृपक्ष येतो, श्वानबळीचे घास निघतात. गर्भ नऊ आठवड्यांचा, म्हणजे पिल्लं कार्तिकात जन्मतात, दिवाळीच्या आगेमागे. तुम्ही हा अंक वाचत असाल, तेव्हा तुमच्या गावच्या स्मशानात लाकडांच्या ढिगामागे एखादी कुत्री आपल्या पिल्लांना पाजत असेल. नेपाळात नरक चतुर्दशीला कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घालून त्यांची पूजा करतात. आपण माळ घालावी असं मी म्हणत नाही. पिल्लं तीन महिन्यांची झाली की त्यांना लस मिळेल आणि पुढच्या भाद्रपदाच्या आधी आईची नसबंदी होईल, एवढं आपण पाहू शकतो. त्यासाठी एका गावात दोन माणसं आणि एक पशुवैद्यक पुरतात.

तांबडीचा पंजा बरा व्हायला पाच आठवडे लागले. नंतर तिची नसबंदी मीच केली. मामांनी चौथऱ्यापासून दहा पावलांवर तिच्यासाठी एक गोणपाट अंथरलं आणि रोज संध्याकाळी त्याखाली घमेलंभर कोमट राख पसरायला सुरुवात केली. ती पुन्हा कधी भाजली नाही. येत्या पितृपक्षात कुत्र्याचा घास काढाल, तेव्हा तो अंगणात ठेवून आत जाऊ नका. स्मशानापर्यंत जा, तिथल्या कुत्र्यांना लस टोचली आहे का विचारा, आणि टोचली नसेल तर आम्हा पशुवैद्यकांपैकी कुणाला तरी फोन करा. आम्ही येतो.