बिनओट्याचे बिऱ्हाड

कुटुंब कशाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्राने, कायद्याने आणि सरकारने आपापल्या परीने दिले आहे, आणि नवल असे, की इतर बाबतींत ज्यांचे क्वचितच जुळते असे हे तिघे या एका मुद्द्यावर चुलीपाशी येऊन थांबतात. गृहस्थाने गार्हपत्य अग्नी जागता ठेवावा आणि आहवनीयादी अन्य अग्नी त्यातूनच प्रज्वलित करावे, हा श्रौत शिरस्ता. अविभक्त हिंदू कुटुंब अन्न, उपासना आणि मालमत्ता या तिन्ही बाबतींत एकत्र असते, हे कायद्याचे गृहीतक, आणि त्यातही अन्नाचा क्रम पहिला. खानेसुमारीच्या प्रगणकाला दिलेली व्याख्या तर या दोहोंहून रोकठोक, की सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातले अन्न जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, मग त्यांच्यात रक्ताचे नाते असो वा नसो. २०११ सालच्या जनगणनेत घरयादी करताना स्वयंपाक घरात होतो की घराबाहेर, त्यासाठी वेगळी खोली आहे की नाही, याची रीतसर चौकशी होती, आणि त्या पर्यायांमध्ये ‘स्वयंपाक होत नाही’ अशीही एक नोंद होती. पुण्यासारख्या शहरात, चांगल्या नांदत्या घरात, कोणावर त्या रकान्यात बसण्याची पाळी येत असेल असे पूर्वी मला कधी वाटले नव्हते. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या अख्ख्या बिऱ्हाडावर ती आली.

कारण अगदी गद्य होते. कोथरुडातील आमची इमारत चाळिशी उलटलेली; भिंतीच्या पोटात गाडलेले लोखंडी नळ आतून गंजत गेलेले; आणि आमच्या सिंकखालचे पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर ओलीचा नकाशा काढू लागलेले. नळ बदलायचे तर भिंत फोडणे आले, भिंत फोडायची तर तिच्यावरच्या टाइल्स जाणार, टाइल्स जाणार तर त्यांना टेकलेला कडप्प्याचा जुना ओटा तरी कशाला ठेवायचा, अशा क्रमाने एका गळक्या सांध्याचे पर्यवसान संपूर्ण स्वयंपाकघराच्या बरखास्तीत झाले. गवंड्याने पहिला घाव घातला तेव्हा त्याने मुदत सांगितली होती, परंतु सिमेंटला माणसांच्या मुदती ठाऊक नसतात. सिमेंट वाळून घट्ट होते, ही सर्वसाधारण समजूत. वस्तुतः ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते, त्यासाठी त्यावर सतत पाणी मारीत राहावे लागते, आणि काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने मोजण्याचा बांधकामशास्त्राचा प्रघात आहे. मग जमिनीत पाणी तुंबवून गळती पाहणे, फरशीचा उतार मोरीकडे आहे की दाराकडे हे पाहणे, सुताराची वाट पाहणे. या निरनिराळ्या पाहण्यांतच दिवस सरू लागले.

दरम्यान स्वयंपाकाचा मुक्काम दिवाणखान्यात हलला. पाकगृह आग्नेयेस असावे असे वास्तुशास्त्र सांगते; आमचे नवे पाकगृह वायव्येच्या कोपऱ्यात, माझ्या लिहिण्याच्या टेबलावर स्थापन झाले, कारण इंडक्शनची शेगडी पेलू शकेल असा पंधरा अँपिअरचा पॉइंट त्या खोलीत तेवढ्या एकाच जागी होता. गॅसचे सिलिंडर दिवाणखान्यात आणण्यास सूनबाईंनी ठाम नकार दिला, आणि धूळ, पडदे व माणसांची ये-जा पाहता तो नकार रास्त होता. ही शेगडी मोठी पंक्तिभेद करणारी निघाली. ज्या भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो तेच भांडे ती तापवते, एरवी नुसतीच कुरकुरते. नातवाने फ्रिजच्या दारावरचा चुंबक काढून आणला आणि जमिनीवर मांडलेल्या भांड्यांची एकेक करून परीक्षा घेतली. माझ्या आजीच्या काळापासून चालत आलेले, कल्हईचे पितळी पातेले नापास. ॲल्युमिनियमची, पोह्यांसाठी राखून ठेवलेली कढई नापास. तांब्याच्या बुडाचा, लग्नात आलेला देखणा डबा नापास. आणि काळा, कोपऱ्यात उपेक्षित पडलेला बिडाचा तवा मात्र चुंबकाने असा घट्ट धरला की तो ओढून काढावा लागला. पिढ्यान्‌पिढ्यांचा मानमरातब एका खेळण्याएवढ्या चुंबकाने उलटापालटा केलेला पाहून आई म्हणाली, “बरं झालं, त्या तव्याला कोणीतरी विचारलं.”

त्या शेगडीवर चहा, खिचडी आणि फार तर पिठले होई. भांडी न्हाणीघरात उकिडवे बसून घासावी लागत. सिमेंटची धूळ घरभर उडत असल्याने विरजणाची वाटी सौ.ने शेजारच्या वहिनींच्या स्वाधीन केली. विरजण ही वस्तू अशी, की ती ठेवून देता येत नाही; तिला रोज ताजे दूध पाजून जिवंत ठेवावे लागते. वहिनींनी ते आपल्या दह्यात न मिसळता निराळ्या सटात लावले, आणि रोज दुपारी त्यातले अर्धे दही आमच्याकडे, अर्धे उद्याच्या बेगमीला, असा व्यवहार न बोलता सुरू केला.

चूल बंद ठेवण्याचे प्रसंग आपल्या परंपरेला अपरिचित नाहीत. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा चढवायचा नाही. शिळासप्तमीला आदल्या दिवशीचे गार अन्न खायचे. ग्रहणात शिजवायचे नाही. आणि ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे कोणीतरी पिठलेभात घेऊन येते. या सगळ्या प्रसंगांत दोन गोष्टी समान दिसतात: खंडाची मुदत आधीपासून ठरलेली असते, आणि त्या खंडात घराला कोणीतरी सांभाळून घेते, मग तो कालचा स्वयंपाक असो वा शेजारधर्म. घराच्या डागडुजीला मात्र परंपरेने असा कोणताच विधी नेमून दिलेला नाही. तिच्यात शोक नाही, व्रत नाही, मुदत नाही. आहे तो केवळ खोळंबा, आणि खोळंब्याविषयी सहानुभूती दाखविण्याची रूढी कोणत्याच समाजात नसावी. वहिनींचे दही म्हणूनच मला त्या पिठलेभाताच्या कुळातले वाटले.

बाकीची तजवीज बाजाराने केली. पुण्यात हाकेच्या अंतरावर पोळीभाजी केंद्र नाही अशी पेठ किंवा उपनगर आज सापडणे कठीण. पोळ्या मोजून, भाजी वजनावर, आमटी पिशवीत. शहराने माणसाला चुलीविना जगवावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. या पुण्यातच गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, आठवड्याच्या सात दिवसांची सात घरे ठरवून. काही जण माधुकरी मागत. आणि मुंबईच्या गिरणगावात तर हजारो माणसांनी उभा जन्म असा काढला. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार दाटीवाटीने एका गाळ्यात अंथरुणापुरती जागा धरून राही, पाळीनुसार झोपे, आणि जेवायला एखाद्या बाईच्या खानावळीत जाई; त्याची चूल गावी असे आणि ती पेटती ठेवण्यासाठी तो मनीऑर्डर पाठवी. त्या खानावळवाल्या बायका स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत, स्वतःच्या मुलाबाळांच्या ताटांबरोबर परक्यांची ताटे वाढीत आणि महिन्याच्या हिशेबावर, पुष्कळदा सावकाराच्या कर्जावर, तो कारभार रेटीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कुठे त्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी झाली. त्या माणसांचा विचार मनात आला की टेबलावरच्या खिचडीबद्दल कुरकुर करण्याची लाज वाटते. पण त्याच विचारातून एक शंकाही उपजते: खानावळीत पोट भरत होते, मैत्रही जडत होते; मग तो कामगार बायको-मुलांना मुंबईस आणण्याची, दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांच्या का होईना, पण स्वतःच्या खोलीची आस कशासाठी धरीत असे?

या शंकेचे उत्तर मला आमच्या घरातच, पोळीभाजी केंद्राच्या पुडक्यांतून मिळाले. ते अन्न वाईट नव्हते. पण ते सर्वांसाठी सारखे होते. आईला रक्तदाबामुळे मीठ कमी लागते. मुलाची पाळी उशिरा सुटते आणि रात्री त्याला भात सोसत नाही. नातू शेंगदाण्याचे कूट घातलेली भाजी ओळखून बाजूला सारतो. सूनबाईंची चतुर्थी असते. मला कारले आवडते असा समज मी गेली कित्येक वर्षे मोडलेला नाही. ही माहिती कुठेही लिहून ठेवलेली नव्हती. ती वाढण्याच्या हातात होती, आणि तिच्यातला मोठा भाग कोणाच्या पानात काय वाढायचे नाही, याविषयी होता. घरातल्या प्रत्येक माणसाचे असे एक गुप्त दफ्तर स्वयंपाकघरात ठेवलेले असते. दर जेवणाला त्यात भर पडते, जुन्या नोंदी खोडल्या जातात, आजारपणात नव्या चढतात. ओटा फुटला तेव्हा ते दफ्तर बंद झाले आणि आम्ही सर्व जण एकाच घरात, एकाच वेळी, निरनिराळे जेवू लागलो.

दुसरी उणीव याहून सूक्ष्म होती. विकतच्या अन्नाला काल नसतो. घरी रात्री चार पोळ्या उरल्या की सकाळी फोडणीची पोळी होते, भात उरला की त्याला हिंगमोहरी मिळते, वरण उरले की ते थालीपिठाच्या पिठात जिरते. आदल्या दिवसाचे शिल्लक दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर ओढून घेण्याची ही पद्धत कोणत्याही कारकुनी जमाखर्चाइतकी काटेकोर असते, आणि घराचे दिवस एकमेकांना तीच बांधून ठेवते. मोजून आणलेल्या पोळ्या मोजून संपत, आणि उरलेले काही असलेच तर त्याला फोडणी देण्याची सोय नसल्याने ते टाकून द्यावे लागे. रोज रात्री आमचा हिशेब शून्यावर येई. शून्य बाकी जमाखर्चात शोभते. घरात ती भकास वाटते.

हे सर्व चिंतन मी मोठ्या गांभीर्याने सौ.पुढे मांडले. ती त्या वेळी गॅलरीत वर्तमानपत्र वाचीत बसली होती. संध्याकाळचे सात वाजले होते, आणि आमच्या संसारात त्या घटकेला तिला बसलेली मी बहुधा प्रथमच पाहत होतो. “चुकल्याचुकल्यासारखं वाटतं ना?” मी विचारले. “काही नाही वाटत,” ती म्हणाली. “आज काय करायचं, हा प्रश्न इतकी वर्षं रोज मला एकटीला पडायचा. आता तो तुम्हा सगळ्यांना पडतोय, एवढाच फरक.”

या उत्तराने माझ्या सिद्धान्ताची दुसरी बाजू उघडी पडली. ज्या दफ्तराचे मी गुणगान करीत होतो त्याची दफ्तरदारीण एकच होती. आम्ही बाकीचे त्यात नोंदले जात होतो, नोंदणारे नव्हतो. कुटुंबाच्या व्याख्येत एकच स्वयंपाकघर असावे, हे शास्त्रापासून सरकारपर्यंत सर्वांनी पाहिले; त्या स्वयंपाकघराचा भार किती जणांनी वाहावा, हे मात्र त्या त्या घराच्या मर्जीवर सोडले. ओट्यावाचूनच्या त्या काळात निरुपायाने का होईना, नोंदी वाटल्या गेल्या. आईसाठी मीठ न घातलेली आमटी कोणत्या केंद्रावर मिळते, हे मुलाने शोधून काढले. चतुर्थीचा साबुदाणा भिजवण्याचे काम माझ्याकडे आले आणि पाणी किती ठेवायचे याची अक्कल मला साठीनंतर आली. नातवाने चुंबकाच्या जोरावर भांड्यांचे खाते आपल्याकडे घेतले. ही वाटणी उदात्त हेतूने झाली नव्हती आणि ओटा उभा राहताच ती मोडेल, हा धोका सर्वांनाच दिसत होता.

अखेर ओट्याची वेळ आली. मिस्त्रीने टेप काढली आणि शिरस्त्याप्रमाणे सौ.कडे पाहून विचारले, “काकू, किती इंचांवर घेऊ?” या कामातला त्यांचा ठोकताळा असा, की उभे राहून कोपर वाकवले असता त्याच्या साधारण चार इंच खाली ओटा यावा, म्हणजे ओटा ज्याच्या उंचीचा, स्वयंपाक त्याचा, हा निर्णय मिस्त्रीची टेप न बोलता देऊन टाकते. जुना ओटा सौ.च्या कोपराच्या बेताचा, ३१ इंचांवर होता. सूनबाई तिच्याहून उंच, मुलगा त्याहून, आणि मीही काही ठेंगणा नव्हे. “चौतीस घ्या,” ती म्हणाली. मिस्त्री अडखळला, तुम्हाला उंच पडेल, खांदे दुखतील, असे त्याने अनुभवाने सांगितले. “मी पाटावर उभी राहीन,” तिने शांतपणे उत्तर दिले, “पण ह्यांना वाकावं लागलं तर कंबर दुखते म्हणून कोणी फिरकायचं नाही. तेवढं एक निमित्त नको ठेवायला.” या युक्तिवादाला घरातील एकाही पुरुषाला उत्तर सुचले नाही, आणि ओटा ३४ इंचांवरच झाला.