संशोधकाची नोकरी आणि आमचे घर



पाळी, हजेरी आणि सात तारखेचा पगार, नोकरी म्हणजे एवढेच आम्हा पावण्याच्या एम.आय.डी.सी.तल्या लोकांना ठाऊक. आमची मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि म्हणाली, "मला गुरुत्वाकर्षणावर संशोधन करायचे आहे." नातलग म्हणाले, बँकेची परीक्षा द्यायला सांगा. आम्ही नवराबायकोने ठरवले, आधी चौकशी करू, मग हो-नाही बोलू.

कळले ते असे. नेट, जेस्ट किंवा संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. निवड झाली की पीएच.डी.साठी फेलोशिप मिळते. २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातात. त्यानंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या जागा, पुष्कळदा परदेशात. कायमची जागा मिळेपर्यंत वय पस्तिशीच्या आसपास येते, आणि जागा मोजक्याच. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अध्यापकपदांना आरक्षण दिले, पण कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यातून वगळली आहे. हेही मुलीला स्पष्ट सांगितले.

मग एवढ्या कष्टाचे काम तरी कोणते? दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, त्याची लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी टिपली. चार किलोमीटरवरच्या आरशांमधले अंतर बदलले ते अणूच्या पोटातल्या प्रोटॉनहूनही शेकडो पट कमी! गोंगाटातून असा क्षीण इशारा वेगळा काढण्याचे गणित पुण्याच्या आयुकात डॉ. संजीव धुरंधर व त्यांचे विद्यार्थी कित्येक वर्षे आधीपासून मांडत होते. तसेच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्याच्या नळ्यांतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकावी लागते. व्हॅक्यूम पंप आणि गळती हे तर आमच्या रोजच्या कामातले शब्द. म्हणजे तिथे प्रोफेसर लागतील तसे फिटर-वेल्डरही लागतील.

शेवटी घरात बोलणे झाले. फेलोशिपचे पैसे घरखर्चाला मागायचे नाहीत. धाकट्याची फी आमच्या पगारातून. लग्नाचा विषय तिने काढल्याशिवाय काढायचा नाही. परीक्षेला दोन वर्षे द्यायची, त्या काळात तिने शिकवण्या घ्यायच्या. संगणकाचे काम पक्के करायचे, म्हणजे कायमची जागा नाहीच मिळाली तरी हात रिकामे राहणार नाहीत. तिने मान्य केले.

शेजारी विचारतात, "एवढी शिकली, अजून शिकतेच का?" आम्ही सांगतो, बाबासाहेबही १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकायला गेले होते. फेलोशिप म्हणजे अभ्यासाचा पगार. ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांनी अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपची आणि पुण्याच्या बार्टीत चौकशी जरूर करावी. मुलाला नाही म्हणण्याआधी एक रविवार माहिती वाचण्यात घालवावा.