जुन्या हार्ड डिस्कला, सा. न. वि. वि.

रा. रा. हार्ड डिस्क, मुक्काम जुना कॉम्प्युटर, शिरूर, यांसी,

सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमचं काही ठीक नाही, हे काल रात्री कळलं. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: डिस्क तपासायची आहे, नको असेल तर दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा. मी लगेच दाबलं. रागावू नका. २००६ साली दाबलं नव्हतं.

लग्नसराई होती, दुकानात पत्रिकांचा ढीग, आणि भारनियमन. तुम्ही लिहीत असतानाच वीज गेली. मग हा चेकडिस्क उगवला. वडिलांनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, फॅट ३२ म्हणजे डिस्कचा तलाठी. वीस जीबीच्या डी ड्राइव्हचे त्यानं १६ केबीचे गट पाडलेत. कुठल्या फाइलीचा कुठला गट, सगळं त्याच्या दप्तरात. मधेच वीज गेली की शेत जागेवर, पण सातबाऱ्यावर नाव नाही. एकाच गटावर दोन फाइलींनी हक्क सांगितला की बांधाचं भांडण. "मग हा तुझा सर्कल काय?" वडील म्हणाले. सर्कलच तो! दप्तर जुळलं की निघाला, पिकाचं काय झालं ते तुम्ही बघा.

दप्तराच्या दोन प्रती ठेवायची तुमची पद्धत, त्याबद्दल आभारी आहे. त्या दिवशी मात्र दोन्ही प्रती एकमेकींशी भांडत होत्या. बेवारस गट चेकडिस्कनं 'फाउंड' नावाच्या फोल्डरात टाकले, नुसते नंबर देऊन, शेपटी सीएचके. मी एकेकाची शेपटी बदलून जेपीजी करत बसलो. एक उघडला. ताईची सप्तपदी. वर मुंडावळ्या, शालू, भाऊजींचा फेटा. कमरेखाली सगळं करडं. तांदळाच्या राशी नाहीत, पाऊल नाही.

आता तुम्ही आतून टक-टक करता. या वयात हे बरं नव्हे, महाराज! म्हणून चेकडिस्कला हात लावू देणार नाही. 'आर' लावून चालवला तर तो एकेक सेक्टर पुनःपुन्हा वाचत सुटेल. तुमच्यानं ते सोसवायचं नाही. उद्या दौंडला भाच्याकडे जाऊ. तो डीडीरेस्क्यूनं आधी धड भाग नव्या डिस्कवर उतरवेल, मग हट्टी जागांकडे वळेल. दुरुस्ती करायची ती नकलेवर.

विनंती एवढीच. न्हावरा, चौफुला, पाटस करत जायचंय, खड्डे आहेत. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेईन; तुम्ही डोकं जागेवर ठेवा. लग्नाच्या अल्बमचे बाकीचे फोटो तुमच्याचकडे आहेत, आणि ताईला मी अजून काही बोललेलो नाही.

आपला,
पत्रिकावाला