कागद तोच, तारीख वेगळी

२०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीला टाळेबंदी लागली, तेव्हा बाहेरगावचे नातेवाईक फोनवर म्हणत, "सध्या इकडे नका येऊ." अमरावती-अकोल्याचा माणूस म्हणजे जणू रोगच! 'दूर राहा' हे शब्द आपल्या समाजाला नवे नाहीत. पण घरच्यांच्या तोंडून ते फार लागले.

त्याच सप्टेंबरात आमची मुलगी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर ब्रिटनला शिकायला गेली. कोविशिल्डचे दोन्ही डोस झालेले. शोध ऑक्सफर्डचा, लस बनली पुण्यात. पण भारतात टोचलेली म्हणून तिथे ती बिनलशीची ठरली! दहा दिवस खोलीत एकटी. आम्हा उभयतांचा जीव इकडे फोनला टांगलेला. आणि ११ ऑक्टोबरपासून तेच प्रमाणपत्र चालू लागले. मुलगी विचारती झाली, "बाबा, महिनाभरात माझ्यात काय बदललं?" आम्ही पडलो कारकून. परिपत्रकाची तारीख आम्हाला कळते, याचे उत्तर सुचले नाही.

अकोल्याच्या तिच्या आत्याला तर कोव्हॅक्सिन मिळालेली. केंद्रावर जी होती ती घेतली, निवड कोणी विचारली? ब्रिटनने ती २२ नोव्हेंबरला मानली.

१८ मार्च २०२२ ला तिथले सारेच प्रवासनियम उठले. २७ मार्चला आपली नियमित आंतरराष्ट्रीय विमाने सुरू झाली. ऑक्टोबरात मुलगी परतली, ती एक ऑनलाइन अर्ज भरून. अकोला स्टेशनवर आत्या झुणका-भाकरीचा डबा घेऊन उभी होती. गाडी थांबेस्तोवर तिने खिडकीतून पोरीचा हात धरला, आणि गाडी हलली तरी सोडीना.