तोक्योतील शब्दखरेदी

तोक्योला निघताना कन्येने मला एकच वस्तू आणायला सांगितली : डोरेमॉन. तोही नवा नको, जुना हवा! तिच्या लहानपणी सांगलीला माझ्या आईच्या उशाशी एक कापडी डोरेमॉन असे. 2019 च्या महापुरात तो चिखलात गेला. पुढे आईही गेली. तेव्हा हा हट्ट नुसता खेळण्याचा नव्हता, हे मी ओळखून होतो.

मुक्काम निशिकासाई भागात भाच्याकडे. तेथे भारतीय बिऱ्हाडे पुष्कळ. पहिल्याच रात्री मी त्याच्या संगणकावर मोठ्या ऐटीत इंग्रजी अक्षरांत नाव लिहून शोध घेतला. चार-दोन चकचकीत नव्या वस्तू दिसल्या, इतकेच. भाचा हसून म्हणाला, ‘‘मामा, विकणाऱ्याने जे लिहिले असेल, तेच तुम्ही लिहायला हवे.’’ मराठीच्या प्राध्यापकाला कोणी शब्द शिकवावेत, अशी पाळी आली खरी!

दुसऱ्या दिवशी त्याने मला नाकानोला नेले. स्टेशनाबाहेर पडले की छप्पर घातलेली बाजारपेठ लागते आणि तिच्या टोकाला नाकानो ब्रॉडवे. इमारत 1966 सालची. खाली दुकाने, वर राहती घरे. येथेच 1980 साली ‘मांदाराके’ हे जुन्या चित्रकथांचे छोटे दुकान निघाले. आज त्याची दालने मजल्यामजल्यांवर पसरली आहेत. काचेच्या कपाटांत बाहुल्यांची ही दाटी! पण मी वाचीत होतो त्या चिठ्ठ्या. भाचा अर्थ सांगे, मी वहीत उतरवून घेई. ‘चूको’ म्हणजे वापरलेले. ‘हाकोनाशी’ म्हणजे खोके नाही. ‘मिकाइफू’ म्हणजे वेष्टन न उघडलेले; त्यातल्या ‘मि’चा अर्थ नुसता ‘नाही’ नव्हे, तर ‘अजून नाही’. आणि ‘वाकेआरी’ म्हणजे शब्दशः ‘कारण आहे’. वस्तूत काही उणे असले की असे लिहावयाचे. आपल्याकडे अशा मालाला ‘दागी’ म्हणून मोकळे होतात!

रात्री पुन्हा संगणकापुढे बसलो. डोरेमॉनच्या जपानी नावाचीही गंमत आहे : पहिली दोन अक्षरे काताकाना लिपीत, उरलेली हिरागानात. ते तसे लिहिले, पुढे ‘नुइगुरुमी’, म्हणजे कापडी बाहुली, आणि ‘चूको’ जोडले. पडदा भरून गेला. एकापुढे ‘वाकेआरी’ होते. भाच्याने कारण वाचले : ‘‘रंग उतरला आहे, शेपटीचा लाल गोळा सैल आहे.’’ मग थांबून म्हणाला, ‘‘मामा, आजीच्या डोरेमॉनचाही सैलच होता. मीच ओढला होता.’’

कन्येला चित्र धाडले. बराच वेळ उत्तर नाही. मग तिने विचारले, ‘‘गळ्यातली घंटा आहे ना?’’

घंटा होती. चार दिवसांनी पुडके भाच्याच्या दारात आले. परतताना ते मला पेटीत कोंबवेना. विमानात मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या गृहस्थांनी कौतुकाने विचारले, ‘‘मुलासाठी का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो, ‘‘आईचा आहे.’’